बेंगळुरूत आई-बाबांसोबत: खायचं कुठे, आणि चांगली जागा ओळखायची कशी?

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन बेंगळुरूला जातेय. उद्यान एक्स्प्रेसने शुक्रवारी सकाळी पोहोचू, रविवारी रात्रीच्या गाडीने सोलापूरला परत. मुक्काम जयनगरला, चौथ्या ब्लॉकजवळ मैत्रिणीचा रिकामा फ्लॅट आहे तिथे. गॅस नाही, त्यामुळे सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं बाहेर.

आई पूर्ण शाकाहारी. तिचे गुडघे दुखतात, उभ्याने खाणं तिला जमत नाही. बाबांना मटण लागतं आणि ते चांगलं की वाईट हे त्यांना पहिल्या घासात कळतं. बाबा बँकेत होते, तरुणपणी ट्रेनिंगला बेंगळुरूला राहिले होते. तिथल्या एका डोशाची आठवण ते अजून काढतात. हॉटेलचं नाव आठवत नाही. आठवतं ते एवढंच: फुलांच्या बाजाराजवळचा रस्ता, जुनाट हॉल, आणि वेटर एका हातावर डोशांच्या बशांची चळत रचून आणायचा. कुणाला ओळखता आलं तर फार बरं होईल.

मी फोनवर शोधून पाहिलं. गच्चीवरची हॉटेलं, मॉलमधली हॉटेलं, पिझ्झा, सुशी. सगळ्यांना साडेचार तारे. मला तिथली माणसं रोज जिथे खातात त्या जागा हव्यात. नुसती नावं देऊ नका, कसं शोधायचं तेही सांगा. उद्या म्हैसूरला किंवा हैदराबादला गेले तरी उपयोगी पडेल.

---

प्रसाद_पार्ले

मी कामासाठी सारखा फिरतो. माझी पद्धत सोपी: ॲपवर 4.3च्या वरची आणि हजाराहून जास्त परीक्षणं असलेली जागा. त्यात फसायला होत नाही. बेंगळुरूत इंदिरानगरला 100 फुटी रस्त्यावर दोन्ही बाजूंना हॉटेलंच हॉटेलं आहेत. संध्याकाळी तिकडे जा, आईंनाही बसायला आरामशीर.

---

लालबागेमागे

शेंगाचटणी, मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर बेंगळुरूला आले आणि इथलीच झाले. घर लालबागेच्या मागच्या अंगाला. सविस्तर लिहिते, कारण पाहुणे इथे येऊन मॉलमध्ये जेवून परत जातात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

आधी बाबांचा डोसा. तो विद्यार्थी भवनचा, शंका नको. बसवनगुडीतला गांधी बाजार, बाहेर फुलांच्या आणि पूजेच्या सामानाच्या टपऱ्या. 1943 साली आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेलं हॉटेल, म्हणून ते नाव. वेटर अजूनही हातावर बशांची चळत रचून येतो. डोसा जाडसर, बाहेरून कुरकुरीत तांबूस, आत मऊ, आणि तुपाचा वास टेबलाशी येण्याआधी येतो. चटणी पातळ असते, वेटर भांड्यातून डोशाशेजारी ओततो आणि संपली की न मागता पुन्हा ओततो. बाबांना सांगा, हॉटेल जागेवर आहे. फक्त शुक्रवारी ते बंद असतं, आणि तुम्ही पोहोचताय शुक्रवारी. म्हणून शनिवारी सकाळी जा, सातच्या आत. आठनंतर बाहेर नावं लिहून थांबावं लागतं आणि आईंना ते झेपणार नाही. आत टेबल-खुर्च्या आहेत.

आता शोधायची रीत. प्रसाद, तुमचा आकड्यांचा हिशोब इंदिरानगरपुरता ठीक आहे, पण जुन्या बेंगळुरूत तो चुकीचं मोजतो. इथली चांगली हॉटेलं दिवसभर चांगली नसतात. एखाद्याची इडली सकाळी सात ते दहा अप्रतिम, तिथेच दुपारी पुलाव मागवला तर सामान्य. तारे देणारा दुपारी गेला होता की सकाळी, हे आकडा सांगत नाही. म्हणून "चांगलं हॉटेल कुठलं" असं विचारूच नका. "या भागात, या वेळेला, तुम्ही काय खाता" असं विचारा. फ्लॅटच्या वॉचमनला विचारा, फुलवालीला विचारा, सकाळी बागेत फिरून घामाघूम झालेल्या आजोबांना विचारा. रिक्षावाल्याला विचारायचं तर तो स्वतः नाश्ता कुठे करतो हे विचारा, पाहुण्यांना कुठे नेतो हे नको.

फोनवर शोधायचं असेल तर "रेस्टॉरंट" हा शब्द टाकू नका. पदार्थ आणि भाग टाका. "खारा बाथ बसवनगुडी", "अक्की रोट्टी जयनगर" असं. मग परीक्षणं नव्यापासून जुन्याकडे लावा, तारे बघू नका, लोकांनी काढलेले फोटो बघा. सगळ्यांच्या फोटोत तेच दोन-तीन पदार्थ येत असतील तर ती जागा त्या दोन-तीन पदार्थांसाठी आहे. बाकी काही मागवू नका.

छोटी पाटी, म्हणजे मोजक्याच पदार्थांची यादी, हीदेखील चांगली खूण. शंकरपुरममधला ब्राह्मिन्स कॉफी बार घ्या. 1965 पासून चालू आहे. इडली, वडा, खारा बाथ, केसरी बाथ, कॉफी आणि आणखी थोडंसं काही, एवढंच मिळतं. सांबार नाहीच. चटणी हवी तितकी. खारा बाथ म्हणजे आपला तिखट सांजा आणि केसरी बाथ म्हणजे शिरा; एका बशीत दोन्ही अर्धे अर्धे घेतले की चौचौ बाथ. तिथे उभ्यानेच खावं लागतं, त्यामुळे आईंसाठी नाही. पण बाबा आणि तुम्ही फिरायला निघालात तर जरूर जा.

उभ्याने खाण्याच्या हॉटेलांना इथे दर्शिनी म्हणतात. 1980च्या दशकात जयनगरपासून ही पद्धत पसरली: कूपन घ्यायचं, काउंटरवरून बशी उचलायची, छातीइतक्या उंच टेबलाशी उभं राहून खायचं आणि निघायचं. स्वस्त, झटपट, स्वयंपाकघर डोळ्यांसमोर. दर्शिनी चांगली की नाही हे बाहेरूनच कळतं. चटणीचं भांडं किती वेळात रिकामं होऊन पुन्हा भरतंय ते बघा. इडलीचं झाकण उघडताना वाफ निघतेय का, की काढून ठेवलेल्या इडल्या देताहेत, ते बघा. कॉफीजवळ माणूस डिकॉक्शनमध्ये, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या काळ्या कॉफीत, दूध ओतून तेव्हाच देत असेल तर थांबा. यंत्राचं बटण दाबून कॉफी येत असेल तर पुढे चला. जयनगरात पावलापावलावर दर्शिनी आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी कडेला चार खुर्च्याही असतात. आईंना तिथे बसवून तुम्ही बशी आणून द्या. कुणी काही म्हणत नाही, उलट पोरगा पाणी आणून ठेवतो.

शुक्रवारचं दुपारचं जेवण मी ठरवूनच टाकते: एमटीआर (मावळ्ळी टिफिन रूम्स), लालबाग रोडवरचं मूळचं. तिथली गर्दी शनिवार-रविवारी असह्य होते, शुक्रवारी निभावते. सोमवारी बंद. 1924 साली उडुपीकडच्या परंपळ्ळी गावच्या मय्या बंधूंनी सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा रव्याची इडली त्यांनी इथे केली असं ते सांगतात, आणि ती खाल्ल्यावर बाकी ठिकाणच्या रवा इडल्या कोरड्या लागतात. काजू, कोथिंबीर, वर तूप, सोबत बटाट्याचं सागू. आणीबाणीत सरकारने पदार्थांचे दर इतके खाली बांधले की दर्जा राखून हॉटेल चालवणं परवडेना. तेव्हा त्यांनी ते बंद केलं आणि तयार पिठं विकायला सुरुवात केली. सोलापुरात तुमच्या वाण्याकडे एमटीआरचं गुलाबजामचं पाकीट असेल तर त्याची सुरुवात तिथली. हॉटेल नंतर पुन्हा उघडलं. दर्जा उतरवून हॉटेल चालू ठेवण्यापेक्षा ते बंद करणाऱ्या लोकांबद्दल मला फार आदर आहे.

जेवणाची वेळ दुपारी साडेबाराच्या सुमाराची, त्याआधी जाऊन पैसे भरून नंबर लावायचा. आत गेल्यावर आईंना पायऱ्या नकोत हे आधीच सांगा. एकामागून एक वाढत राहतात, घाई करू नका आणि पहिल्या वाढपातच पोट भरू नका. सांबारात थोडा गूळ असतो. सोलापूरच्या जिभेला ते गोड वाटेल, पण दुसऱ्या घासाला पटतं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. खाण्यासाठी शहर ओलांडू नका. जयनगरहून संध्याकाळी इंदिरानगरला निघालात तर रस्त्यात तासभर सहज जाईल आणि आईंचे पाय आखडतील. जयनगर, बसवनगुडी, लालबाग, व्ही.व्ही. पुरम हा सगळा पट्टा एकमेकाला लागून आहे आणि हिरव्या मेट्रोवर आहे. जयनगरनंतर साउथ एंड सर्कल, लालबाग, नॅशनल कॉलेज. तेवढ्या टापूत तुमचे सगळे दिवस उत्तम जातील. मल्लेश्वरमला सीटीआरचा लोण्याचा डोसा आहे, वीणा स्टोअर्सची इडली आहे, दोन्ही नावाजलेली आणि दोन्ही मला आवडतात. तरी या खेपेला सोडाच. डोसा विद्यार्थी भवनात होतोय, आणि रविवारी सकाळी सीटीआरच्या बाहेर ताटकळण्यात आईंचा दिवस जाईल.

---

शेंगाचटणी

लालबागेमागे ताई, तुम्ही हॉटेल ओळखलंत! बाबांना वाचून दाखवलं. "गांधी बाजार" ऐकल्याबरोबर ते म्हणाले, हो, तिथून खोलीवर चालत जायचो. शनिवार सकाळ पक्की झाली.

दोन शंका. एक, बाबांचं मटण. दुसरी, संध्याकाळी आई जड खात नाही, तिला भाकरी लागते. ज्वारीची भाकरी मिळेल अशी खानावळ जयनगरजवळ आहे का?

---

कॉटनपेटकर

मटणाचं मी सांगतो. आमचं घराणं मराठा, पण कित्येक पिढ्या बेंगळुरूतच. घरी मराठी बोलतो, त्यात कानडी मिसळलेलं असतं, तेव्हा चूकभूल समजून घ्या.

तुमच्या बाबांना मिलिटरी हॉटेलात न्या. नावावरून बिचकू नका. इथे मांसाहारी हॉटेलला मिलिटरी हॉटेल म्हणायची जुनी चाल आहे. आणि ही हॉटेलं काढणाऱ्यांत मराठा कुटुंबं पुष्कळ होती. पाट्यांवर "राव" दिसतं ते त्यांचंच. कॉटनपेटेतलं एस.जी. राव मिलिटरी हॉटेल 1908 पासूनचं. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतलं, शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली, आणि तेव्हापासून मराठी माणसाचा इथला वावर तुटलेला नाही. सैपाकघरात त्याची चव अजून लागते: सुकं खोबरं, धणे, लवंग-दालचिनीचं वाटण, फक्त मिरची आपल्यापेक्षा बेताची आणि पुदिना-कोथिंबीर जास्त.

तुम्ही जयनगरला उतरताय तर शिवाजी मिलिटरी हॉटेल तिथेच आहे, आठव्या ब्लॉकात. तिथली बिर्याणी दोन्नेत देतात, म्हणजे सुक्या पानाच्या खोल द्रोणात. लांब दाण्याचा बासमती विसरा. बारीक तांदूळ, हिरवट मसाला, मटण हाडापासून सुटणारं. चॉप्स घ्या, खिमा घ्या, आणि बाबांना रागी मुद्दे आवडतील की नाही ते एकदा बघाच. नाचणीच्या पिठाचा उकडलेला गरम गोळा. तो चावायचा नसतो. चिमटीने तोडायचा, मटणाच्या सारूत, म्हणजे रश्श्यात, बुडवायचा आणि गिळायचा. सोबतचा सारू पातळ आणि झणझणीत असतो.

वेळ महत्त्वाची. मिलिटरी हॉटेलची खरी वेळ सकाळ-दुपार. रात्रीच्या जेवणाचा बेत करून गेलात तर चांगले पदार्थ संपलेले असतात. रविवारी सकाळी लवकर बाबांना घेऊन जा, तेव्हा पहिलं भांडं उतरलेलं असतं. शाकाहारी माणसाला तिथे नेऊ नका, वास सगळ्या हॉलभर असतो. आईंना तेवढा वेळ चौथ्या ब्लॉकच्या बाजारात सोडा, साड्या-फळं-फुलं सगळं एका ठिकाणी आहे.

आणि शेंगाचटणीताई, लालबागेमागे बाई म्हणाल्या ते "या वेळेला काय खाता" हे मटणाला तर शंभर टक्के लागू. मी कुठल्याही गावी गेलो की पहिल्या दिवशी मटणाच्या दुकानात जाऊन विचारतो, तुमच्याकडून हॉटेलवाले कोण माल नेतात आणि रोज ताजा कोण नेतो. खाटीक खोटं सांगत नाही, त्याला तुमच्याकडून काही मिळवायचं नसतं. हैदराबादला, म्हैसूरला, कुठेही करून बघा.

---

लालबागेमागे

कॉटनपेटकर, खाटकाला विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. आमच्याकडच्या पाहुण्यांना आता हेच सांगेन.

शेंगाचटणी, भाकरीचं. उत्तर कर्नाटकी खानावळी बेंगळुरूत पुष्कळ आहेत: ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, दही. आईंचं पोट बिघडल्यासारखं वाटलं तर खुशाल जा. पण एरवी मी नाही म्हणेन. ते ताट तुमच्या घरी रोज असतं, आणि सोलापूरची भाकरी इथल्यापेक्षा चांगलीच असणार. त्याऐवजी आईंना अक्की रोट्टी द्या. तांदळाच्या पिठात कांदा, मिरची, कोथिंबीर, किसलेलं गाजर, थापून तव्यावर. हलकी असते, आणि थालीपीठ आवडणाऱ्या माणसाला ती आवडतेच.

तुम्ही येताय तो तर अवरेकाळूचा मोसम. आपल्याकडचे पावटे, पण इथे लोक हिवाळाभर त्यांच्यासाठी थांबलेले असतात. ढिगाने शेंगा विकायला येतात, संध्याकाळी घरोघरी बायका-पुरुष सोलत बसलेले दिसतात. सोललेले दाणे भिजवून त्यांचंही साल चिमटीने काढतात, त्याचा सारू करतात. तो आईंना मिळाला तर मला फार आनंद होईल, कारण असं किचकट काम हॉटेलं सहसा करत नाहीत. अक्की रोट्टीतही हे दाणे घालतात. शनिवारी संध्याकाळी व्ही.व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत जा, सज्जनराव सर्कलजवळ. तिथे "अवरेकाळू" एवढा एक शब्द पुरेसा. सहाच्या आधी पोहोचा. सातनंतर त्या गल्लीत धड उभं राहायलाही जागा नसते. आईंना सर्कलच्या बाजूला बसायला जागा बघा आणि पदार्थ तिथे नेऊन द्या. गरम होळिगे म्हणजे पुरणपोळी, ती तव्यावरून उतरताना घ्या, वर तूप घालतात.

---

शेंगाचटणी

खूप खूप आभार, सगळं वहीत उतरवून घेतलंय. प्रसाद, तुमचेही आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे परीक्षणं नव्यापासून लावून बघितली तर खरंच वेगळीच हॉटेलं वर आली. एक शेवटचं: कॉफी पूड कुठून घ्यावी? आईला घरी तशी कॉफी करायची आहे.

---

लालबागेमागे

शनिवारी डोसा झाल्यावर गांधी बाजारातच घ्या. कॉफी दळून देणारं दुकान वासावरूनच सापडतं. तो दोन गोष्टी विचारेल: किती दळायचं आणि चिकोरी (कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड) किती. फिल्टरसाठी म्हणून सांगा, म्हणजे योग्य जाडीची दळेल. चिकोरी शंभरात वीस म्हणा. हॉटेलसारखी दाट, काळीकुट्ट हवी असेल तर तीस. त्याहून जास्त घेऊ नका, कॉफीचा वास दबतो. पाव किलोच घ्या. दळलेली पूड महिन्याभरात वास सोडते, आणि आईंना पहिल्या दिवशीची चव महिनाभर लागायला हवी. पितळी किंवा स्टीलचा फिल्टरही त्याच रस्त्यावर भांड्यांच्या दुकानात मिळेल. दोन माणसांचा छोटा घ्या. मोठ्यात थोडी पूड टाकली तर पाणी भसकन खाली उतरतं आणि डिकॉक्शन पांचट होतं.

हॉटेलात कॉफी सांगताना "बाय टू" म्हणा. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून आणतात. तुम्ही दिवसातून चार ठिकाणी कॉफी पिणार, तेव्हा आई-बाबांना तेच बरं पडेल. निघायच्या आदल्या दिवशी एमटीआर आणि विद्यार्थी भवन दोन्हीकडे फोन करून वेळा विचारून घ्या. नाताळ-नववर्षाच्या दिवसांत त्या बदलू शकतात. आणि शुक्रवारी सकाळी मॅजेस्टिकला, म्हणजे मुख्य स्टेशनला, उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहू नका. स्टेशनबाहेरूनच मेट्रो आहे, हिरव्या मार्गाने थेट जयनगर. सामान ठेवा आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनीत वाफाळत्या इडल्या दिसतात का ते बघा.